पंप बदलण्याआधी काटा बघा

पत्र थोडक्यात: कोल्हापूरजवळ पन्हाळा रस्त्याला राहणाऱ्या एका ताईंचं हे पत्र आहे. बंगल्याच्या अंगणात २६ फूट लांब, १३ फूट रुंद आणि सरासरी ४ फूट खोल पोहण्याचा टँक आहे. सासऱ्यांना, म्हणजे आबांना, गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पाण्यातला व्यायाम सांगितला, म्हणून सात वर्षांपूर्वी ताईंच्याच आग्रहावरून तो बांधला. फिल्टरची टाकी २० इंची, वाळूची. पंप १ एचपीचा, थ्री फेज. मे महिन्यात वळवाच्या पावसात विजेचा पोल पडला आणि दोन दिवस लाईट नव्हती. 'त्यानंतर कधीतरी' टँकमध्ये परत येणाऱ्या पाण्याचा जोर गेला. पावसाळ्यात पाणी हिरवट झालं. कुणीतरी सांगितलं म्हणून तुरटी टाकली. पाणी जरा निवळलं, पण जोर आणखीच कमी झाला. फिल्टरवरचा काटा म्हणे कायम १० वर असतो, 'पंप बंद असला तरी'.

टँकचं काम बघणारा मिस्त्री यजमानांच्या वर्गमित्राचा भाऊ. त्याचं म्हणणं, "वैनी, एकचा पंप बारीक पडतोय, दोनचा टाका, बघा कसं पाणी फेकतंय." तेवढ्यानं भागलं नाही तर स्किमरची, म्हणजे टँकच्या वरच्या काठाजवळून पाणी ओढणाऱ्या तोंडाची, लाइन बंद करून तळाच्या जाळीतूनच पाणी ओढायचं, असंही तो म्हणतो. तळाला जाळी एकच आहे. वाळू बदलायची झाली तर यजमानांच्या मित्राच्या फौंड्रीतून फुकट मिळेल. यजमान वैतागलेत: पंप घ्या, नाहीतर सरळ बुजवून बाग करा. 'हे थेर आपल्याकडचे नव्हेत' असं नातेवाईक म्हणतात. दिवाळीत नणंदेची मुलं येणार आहेत. ताई विचारतात: "मला मशिनरीतलं काही कळत नाही. मिस्त्रीला उलट विचारलं तर त्याला वाईट वाटेल. मोठा पंप घेऊ, का टँक बुजवू? आणि तोवर आबांनी पाण्यात उतरावं का?"

ताई,

'मला काही कळत नाही' हे तुम्ही लिहिलंय खरं, पण तुमचं पत्र तसं सांगत नाही. जोर कधी गेला, त्याआधी काय घडलं होतं, तुरटीनंतर काय झालं, काटा कुठं असतो, हे सगळं तुम्ही सांगितलंत. टँकवर रोज नजर असलेल्या माणसालाच हे सांगता येतं. दुरुस्तीचं अर्धं काम इथंच होतं. महिन्यातून एकदा येणाऱ्या मिस्त्रीकडं हात आहेत, हत्यारं आहेत, पण गेल्या पाच महिन्यांचा हा इतिहास नाही. तो तुमच्याकडं आहे. त्यामुळं निर्णय तुम्हीच घ्यायचा आहे, आणि तो पुरेशा माहितीवर घेता येईल इतकं मी खाली लिहिते.

तुमच्यापुढं दोनच वाटा ठेवल्यात: मोठा पंप किंवा माती. दोन्ही वाटा एकाच समजुतीतून निघतात, की पाणी कमी येतंय म्हणजे पंप कमी पडतोय. ही समजूत आधी तपासू. हाच पंप सहा-सात वर्षं हाच टँक नीट फिरवत होता. टँक वाढला नाही, पाइप वाढला नाही. मग एकाएकी पंप 'बारीक' कसा झाला? पंप झिजतो, सील गळतं, बेअरिंग वाजतं. पण ते हळूहळू होतं आणि आवाज करून होतं. जोर अचानक गेला असेल तर बहुतेक वेळा वाटेत काहीतरी अडलेलं असतं, कुठून तरी हवा शिरत असते, किंवा मोटरच नीट फिरत नसते.

थोडा हिशोब करू. तुमच्या टँकमध्ये साधारण ३८ हजार लिटर पाणी आहे. घरगुती टँकचं सगळं पाणी सहा ते आठ तासांत एकदा फिल्टरमधून जावं, असा ठोकताळा असतो. म्हणजे तासाला साडेसहा हजार लिटरच्या आतबाहेर पाणी फिरलं की तुमचं काम झालं. २० इंची वाळूच्या टाकीतून तासाला साधारण दहा हजार लिटरपर्यंत पाणी चांगलं गाळलं जातं. त्याच्या फार वर गेलं की पाणी वाळूत वाटा पाडून सरळ खाली उतरतं. जोर दिसतो, पण गाळण होत नाही. शिवाय त्याच पाइपातून दुप्पट पाणी ढकलायला गेलं तर घर्षण दुप्पट नाही, जवळजवळ चौपट होतं. म्हणजे दोनचा पंप लावून तुमचं वीजबिल वाढेल, ओढणाऱ्या पाइपवर ताण येईल, पंपात खडे फिरल्यासारखा आवाज येऊ लागेल, आणि पाणी स्वच्छ होईलच असं नाही. टाकी तीच आणि पाइप तेच असतील तर तुम्हाला दोनचा पंप नको, असं माझं स्पष्ट मत आहे. एकचाच मिळेना म्हणून दोनचा बसवणं हेही तेवढंच चूक.

आता काटा. पंप बंद असताना काटा शून्यावर आला पाहिजे. तुमचा दहावरच राहतो, याचा अर्थ गेज मेलेला आहे. सगळ्या कामात सगळ्यात स्वस्त वस्तू हीच, आणि पहिली बदलायची तीही हीच. पंपाच्या पुढचा, वाळूतला दाब हा गेज दाखवतो. तो चालू असेल तर अडचण कुठल्या बाजूला आहे ते एका नजरेत कळतं. पाणी कमी आणि काटा चढलेला, म्हणजे अडथळा पंपाच्या पुढं: वाळू, व्हॉल्व्ह किंवा परतीची लाइन. पाणी कमी आणि काटाही पडलेला, म्हणजे पंपाला पाणीच पुरेसं मिळत नाही किंवा पंप ते फेकत नाही: जाळ्या, हवा, इंपेलर (पंपातलं पाणी फेकणारं पात्यांचं चाक), मोटर. मिस्त्रीनं मोठ्या पंपाचा सल्ला दिला तो मेलेल्या गेजवर, म्हणजे अंदाजावर. नवा गेज बसवून घ्या. सगळं स्वच्छ झाल्यावर पंप चालू असताना काटा जिथं थांबेल तो आकडा टाकीवर मार्करनं लिहून ठेवा. घरगुती टँकमध्ये तो बहुधा ८ ते १५ पीएसआयच्या (दाबाचं माप) दरम्यान असतो. पुढं कधीही काटा त्या आकड्यापेक्षा ८ ते १० पीएसआयनं वर गेला की बॅकवॉशची, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुण्याची, वेळ झाली.

गेज येईपर्यंत एक गोष्ट मात्र आजच बघा. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ पोल पडल्याची आहे, आणि ती तुम्ही अगदी ओझरती लिहिलीत. पंप थ्री फेज आहे. पोल पडला, तारा तुटल्या आणि पुन्हा जोडताना त्यातल्या दोन इकडच्या तिकडं झाल्या, तर थ्री फेज मोटर उलटी फिरते. असा पात्यांच्या चाकानं पाणी फेकणारा (सेंट्रिफ्युगल) पंप उलटा फिरला तरी पाणी बंद होत नाही आणि उलट्या दिशेनंही जात नाही. त्याच दिशेनं येतं, पण जोर मरतो. आवाज जवळपास तोच, दिवा तोच, स्टार्टर तोच. म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. शेतकऱ्याला विचारा, लाइनचं काम झालं की मोटरची दिशा बघायची हे त्याला पाठ असतं. टँकच्या मिस्त्रीच्या मात्र मनातही येत नाही, कारण बहुतेक घरगुती टँकचे पंप सिंगल फेजचे असतात आणि त्यांना ही अडचणच नसते.

कसं ओळखायचं? मोटरच्या मागच्या बाजूला झाकणाआड छोटा पंखा असतो आणि पंपाच्या किंवा मोटरच्या अंगावर बाण कोरलेला असतो. पंप बंद केला की पंखा मंद होत थांबतो. त्या वेळी टॉर्च मारून तो कुठल्या बाजूला फिरतोय ते बघायचं. झाकण काढायचं नाही, बोट घालायचं नाही. बाणाच्या उलट फिरत असेल तर वायरमनला बोलवा. तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल करायची, एवढंच काम, पण ते घरी कुणी करायचं नाही. घरात बोअरची मोटरही थ्री फेज असेल तर तिचं पाणी मेपासून कमी झालंय का, तेही आठवून बघा. दोन्हीचा जोर एकाच वेळी गेला असेल तर शंका जवळजवळ पक्की. आणि हे लांबवू नका. काही पंपांत इंपेलर शाफ्टवर आट्यांनी बसवलेला असतो. मोटर उलटी फिरत राहिली तर तो सैल होतो. दुरुस्ती झाली की वायरमनकडून फेजचा क्रम बघणारा रिले बसवून घ्या, म्हणजे पुन्हा असं झालं तर मोटर सुरूच होणार नाही.

समजा मोटर बरोबर फिरतेय. मग पंपाच्या आधीची बाजू बघू. टँकमधलं पाणी स्किमरच्या तोंडाच्या निम्म्यावर आहे ना? त्याखाली गेलं की स्किमर पाण्याबरोबर हवाही ओढतो. स्किमरमधली बास्केट आणि पंपाच्या तोंडाशी असलेल्या पारदर्शक झाकणाखालची बास्केट, दोन्ही काढून धुवा. धुताना उन्हात धरून बघा. एखादी काडी तुटलेली असेल तर तेवढ्या फटीतून कचरा आत जातो. आपल्याकडं अंगणात गुलमोहर असतोच. त्याची बारीक पिवळी पानं, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, बास्केटच्या भोकांतून निसटतात आणि इंपेलरच्या पात्यांच्या मधल्या अरुंद वाटेत एकावर एक चिकटून बसतात. वरून बास्केट स्वच्छ दिसते आणि आत इंपेलर निम्मा बुजलेला असतो. मोटर जोरात फिरते, पण पाण्याला पकडायला पात्यात जागा नसते. हे काढायला एमसीबी (बोर्डावरचा वीज तोडणारा स्विच) पाडून, बास्केट बाहेर घेऊन, पंपाच्या गळ्यातून वाकवलेली तार घालून तो लगदा ओढून काढावा लागतो. मिस्त्रीला सांगा, अर्ध्या तासाचं काम आहे. एमसीबी पाडल्याशिवाय कुणालाही तिथं हात घालू देऊ नका. स्टार्टर बंद केला म्हणजे झालं असं नाही.

हवेचं लक्षण सोपं. पंप चालू असताना पारदर्शक झाकणातून बघा. आत पाणी काठोकाठ भरलेलं असेल तर ठीक. वरच्या बाजूला हवेचा पट्टा आणि सतत फेस दिसत असेल, टँकमध्ये पाणी येतं तिथं बुडबुडे येत असतील, तर ओढणाऱ्या बाजूला कुठून तरी हवा शिरतेय. या बाजूची गळती बाहेर पाणी टाकत नाही, आत हवा घेते. म्हणून जमीन कोरडी असते आणि माणूस फसतो. झाकणाची रबरी रिंग, युनियन (पाइपचा खोलता येणारा जोड), पंपाखालचा निचऱ्याचा प्लग, व्हॉल्व्हचा दांडा, या जागांवर पंप चालू असताना एकेक करून मगानं पाणी ओतत जा. ज्या जागी ओतल्यावर झाकणातले बुडबुडे थांबतील ती जागा गुन्हेगार. रिंग चिरलेली नसेल तर सिलिकॉन ग्रीस लावून पुन्हा बसवा. व्हॅसलीन किंवा गाडीचं ग्रीस नको. त्यानं रबर फुगतं आणि काही महिन्यांत खराब होतं.

ओढणाऱ्या दोन लाइन, स्किमरची आणि तळाची, वेगवेगळ्या व्हॉल्व्हवर असतील तर एका वेळी एकच किंचित बंद करून बघा. स्किमरचा व्हॉल्व्ह निम्मा फिरवला आणि झाकणातल्या पाण्यात काहीच फरक पडला नाही, तर ती लाइन आधीच चोंदलेली आहे. इथं मिस्त्रीची 'स्किमर बंद करून तळातून ओढू' ही कल्पना येते, आणि ताई, याला तुम्ही ठाम नाही म्हणायचं. याबाबत मी काहीही सैल सोडणार नाही. तळाला एकच जाळी आणि पंपाचा सगळा ओढ त्या एका जाळीवर, वरून पंप दुप्पट ताकदीचा, आणि टँकमध्ये दिवाळीला आलेली मुलं. मूल बुडी मारून त्या जाळीवर बसलं किंवा त्याचे केस तिथं गेले तर तो ओढ मोठ्या माणसालाही हातानं सोडवता येत नाही. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात २००२ साली गरम पाण्याच्या टबमध्ये अशीच जाळीच्या ओढीत अडकून गेली. तिच्या नावानं तिथं २००७ मध्ये कायदा झाला आणि सार्वजनिक टँकांत माणूस अडकू न देणाऱ्या जाळ्या सक्तीच्या झाल्या. आपल्याकडं घरच्या अंगणातल्या टँकवर कुणी येऊन बघत नाही. तेव्हा ते आपणच बघायचं. स्किमरची लाइन चोंदली असेल तर ती मोकळी करून घ्या, पाणी दोन्हीकडून ओढलं गेलं पाहिजे. तळाची जाळी सपाट असेल तर घुमटाकार बसवा, ती सैल किंवा फुटकी असेल तर ती दुरुस्त होईपर्यंत मुलांना पाण्यात सोडू नका. आणि पंपाची एमसीबी कुठं आहे हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत पाहिजे.

इथवर काही सापडलं नाही, किंवा सापडून दुरुस्त झालं तरी जोर पुरता आला नाही, तर वाळूकडं वळू. तुरटीनंतर जोर आणखी पडला असं तुम्ही लिहिलंत, त्यावरून वाळूचा काहीतरी वाटा आहे असं मला वाटतं. तुरटी पाण्यातला बारीक गाळ एकत्र आणते, त्याचे मऊ गठ्ठे होतात आणि ते तळाशी बसतात. आपल्या घरात पिण्याच्या पाण्यात तुरटी फिरवून वरचं पाणी काढून घेतात, तळाला हलवत नाहीत. टँकमध्येही तेच करायचं असतं: तुरटी टाकली की पंप बंद ठेवून रात्रभर बसू द्यायचं आणि सकाळी फिल्टरवरचा व्हॉल्व्ह 'वेस्ट'वर ठेवून तळाचा गाळ व्हॅक्यूमनं थेट बाहेर टाकायचा. पंप चालूच राहिला तर तो चिकट गाळ वाळूच्या वरच्या थरात जाऊन बसतो आणि वाळूचे गोळे होतात. बॅकवॉशनंही ते सहज सुटत नाहीत.

वाळूच दोषी आहे का, हे ओळखायची एक चाचणी आहे, आणि तिला कसलाही खर्च नाही. फिल्टरच्या माथ्यावरचा सहा जागांवर फिरणारा दांडा म्हणजे मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह. त्यात 'रीसर्क्युलेट' अशी एक जागा असते. तिथं पाणी वाळूत न शिरता सरळ टँकमध्ये परत जातं. पंप बंद करा, दांडा 'फिल्टर'वरून 'रीसर्क्युलेट'वर न्या, पंप चालू करा आणि टँकमध्ये पाणी येतं तिथं हात धरून बघा. जोर एकदम वाढला तर अडथळा वाळूत. जोर तेवढाच मेलेला राहिला तर वाळू निर्दोष. दोष पंपात, त्याच्या आधी किंवा परतीच्या लाइनीत. मग पंप बंद करून दांडा 'वेस्ट'वर न्या, पंप चालू करा आणि बाहेर जाणाऱ्या पाइपाखाली २० लिटरची बादली धरा. सात ते अकरा सेकंदांत भरली तर पंप त्याचं काम चोख करतोय आणि कुणीही काहीही म्हणालं तरी तो बदलायची गरज नाही. वीस सेकंद लागले तर तासाला साडेतीन हजार लिटरच येतंय, म्हणजे सगळं पाणी एकदा फिरायला दहा तासांच्या वर. 'वेस्ट'ला बादली झटक्यात भरते आणि 'रीसर्क्युलेट'ला टँकमध्ये जोर नाही, असं दिसलं तर परतीच्या लाइनीतला एखादा व्हॉल्व्ह निम्मा बंद राहिलाय का ते बघा. घरातल्या पोरांनी किंवा माळ्यानं तो फिरवलेला असतो.

दांडा फिरवताना दरवेळी पंप बंद, हे पुन्हा सांगते. चालू पंपावर दांडा फिरवला की आतली चांदणीच्या आकाराची रबरी गॅस्केट फाटते. ती फाटली की 'फिल्टर'वर असतानाही थोडं पाणी बाहेरच्या पाइपातून जात राहतं. तुमचा बाहेरचा पाइप एरवी ठिबकतोय का, टँकची पातळी उगाच उतरतेय का, तेवढं बघून घ्या.

वाळूत दोष निघाला तर आधी चांगला बॅकवॉश. दोन-तीन मिनिटं, व्हॉल्व्हवरच्या काचेच्या डोळ्यातून पाणी नितळ दिसेपर्यंत, मग अर्धा-एक मिनिट 'रिन्स', मग पुन्हा 'फिल्टर'. 'रिन्स' वगळला तर तळाला राहिलेला गढूळपणा पुन्हा टँकमध्ये येतो. हे पाणी क्लोरिनचं असतं, ते विहिरीत किंवा भाजीच्या वाफ्यात सोडू नका. एवढं करूनही काटा खाली येत नसेल तर टाकी उघडून वरची वाळू हातात घ्या. बोटांमधून सुटी गळाली तर चांगली. चिकट, गोळे होणारी, कुबट वास येणारी असेल तर बदला. तशीही पाच-सात वर्षांनी ती बदलायची असतेच आणि तुमची सात वर्षांची झाली.

पण फौंड्रीची वाळू घालू नका. फुकट मिळते आणि मित्राची आहे, म्हणून नाही म्हणणं यजमानांना जड जाईल, हे मी समजू शकते. कोल्हापुरात फौंड्रीची वाळू कुठंही मिळते आणि दिसायला ती सिलिकाच असते. पण साच्याची वाळू टँकच्या वाळूपेक्षा खूप बारीक असते, कारण कास्टिंगचा पृष्ठभाग गुळगुळीत यायला हवा असतो. वापरलेल्या वाळूत तर बेंटोनाइटची माती आणि कोळशाची भुकटी मिसळलेली असते. साचा धरून राहावा म्हणूनच ती घालतात. ती टाकीत गेली की पाणी लागताच चिखल होतो, आणि बारीक कण खालच्या जाळीदार नळ्यांतून निसटून टँकमध्ये काळपट थर बसतो. नदीची वाळूही नको, तिच्यात माती आणि लहान-मोठे दाणे मिसळलेले असतात. फिल्टरसाठीची धुतलेली, चाळलेली सिलिका वाळू मागा. तिचा दाणा साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. टाकीच्या पाटीवर किती किलो लागते ते लिहिलेलं असतं, तेवढीच भरा. ओतण्याआधी टाकी निम्मी पाण्यानं भरून घ्यायला सांगा, नाहीतर वरून पडणाऱ्या वाळूनं खालच्या नळ्या मोडतात. नंतर टँकच्या तळाला, पाणी येतं त्या तोंडाखाली वाळू साचलेली दिसली तर नळी मोडली असं समजायचं.

आणखी एक. येत्या महिन्यात गळीत हंगाम सुरू होईल. पाचट पेटवलं की काजळी उडून तुमच्या टँकवर येणारच, पन्हाळा रस्त्याच्या आजूबाजूला ऊस चोहीकडं आहे. ही काजळी हलकी असते, बास्केटला चुकवून थेट वाळूत जाते. हंगामात काटा रोज बघत जा, बॅकवॉश लवकर-लवकर लागेल. रात्री टँकवर कापड ओढलंत तर काम निम्मं होईल.

आता मिस्त्री. त्याला विचारलं तर त्याला वाईट वाटेल, असं तुम्ही गृहीत धरलंत. मला तसं वाटत नाही, निदान नीट पद्धतीनं विचारलं तर नाही. "तुम्ही चुकताय" असं म्हटलं तर कुणालाही लागेल. पण नवा गेज त्याच्याच हातून बसवून घ्या, आणि म्हणा, "दादा, पंप घ्यायचाच असेल तर घेऊ, पण आधी काटा आणि बादली बघून घेऊ, म्हणजे यांनाही खर्च पटवता येईल." मग पंख्याची दिशा, रीसर्क्युलेटची चाचणी, बादली, हे त्याच्यासमोर, त्याच्याच हातानं करा. चांगला कारागीर असेल तर त्याला स्वतःलाच दोष सापडल्याचं समाधान मिळेल. न बघताच "मी सांगतो ना" म्हणाला, तर तो यजमानांच्या वर्गमित्राचा भाऊ असला तरी तुमच्या टँकसाठी योग्य माणूस नाही, आणि हे तुम्ही यजमानांना सांगू शकता. पंप, मोटर उघडायची वेळ आली तर शिवाजी उद्यमनगर तुमच्यापासून काही लांब नाही. तिथं पंपाचं सील, बेअरिंग, रिवायंडिंग करणारी पिढ्यान्‌पिढ्यांची दुकानं आहेत. पंप काढून टेबलावर ठेवून दाखवा, इंपेलर झिजलाय का ते डोळ्यांनी बघा. झिजलेलाच निघाला तर एवढ्याच ताकदीचा इंपेलर किंवा पंप घ्या.

यजमानांच्या वैतागाबद्दल थोडं. बुजवायचा निर्णय चूक असतोच असं नाही. टँक सांभाळायला रोजचा वेळ लागतो, वीज लागते, आणि घरात पोहणारं कुणी राहिलं नसेल तर बाग बरी. पण तुमच्या घरी पोहणारं माणूस आहे. आणि 'हे थेर आपल्याकडचे नव्हेत' असं नातेवाईक म्हणतात, म्हणून तुम्ही जी अपराधी भाषा वापरलीत, ती सोडून द्या. विहिरीत भोपळा बांधून आणि पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकणारं हे शहर आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला पोहलेला आणि २०१० च्या आशियाई स्पर्धेत ब्राँझ मिळवणारा वीरधवल खाडे इथलाच. टँक बुजवायचा तर त्याची गरज संपली म्हणून बुजवा. पाच महिने बिघडलेल्या पंपामुळं आणि मेलेल्या गेजमुळं नको. यजमानांना एवढंच सांगा, की गेज, बादली आणि पंख्याची दिशा बघायला एक रविवार द्या. ते स्वतः उभे राहिले तर उत्तम. बादली भरताना घड्याळ त्यांच्या हातात द्या.

राहिले आबा. पाण्याचा तळ वरून स्पष्ट दिसत नसेल तर कुणीच उतरू नये, आबांनी तर नाहीच. हिरवट पाण्यात पायरी दिसत नाही, शेवाळावर पाय सरकतो आणि या वयात एक घसरण महिनाभर अंथरुणाला खिळवते. कोणी पाण्यात अडचणीत आलं तर तेही वरून दिसत नाही. शिवाय पाणी फिरत नसताना नुसतं क्लोरिन ओतत राहिलं तर ते सगळीकडं पोहोचत नाही. एका कोपऱ्यात डोळे चुरचुरतील इतकं आणि दुसरीकडं काहीच नाही. आधी जोर परत आणा. मग पाणी फिरत असताना क्लोरिन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत एवढे भाग) आणि पीएच ७.२ ते ७.८ मध्ये आणा, चाचणीचा छोटा संच औषधांच्या दुकानात नाही मिळाला तर टँकचं सामान विकणाऱ्याकडं मिळतो. तळाची जाळी काठावरून नीट दिसायला लागली आणि दोन्ही आकडे सलग दोन दिवस जागेवर राहिले, की आबांना सोडा. तोवर त्यांच्या डॉक्टरांना विचारून खुर्चीत बसून करायचे गुडघ्यांचे व्यायाम चालू ठेवा, कारण मेपासून खंड पडला असेल तर पहिल्याच दिवशी पूर्वीइतका वेळ पाण्यात काढणं त्यांना झेपणार नाही.